बिनरात्रीचे दोन सोमवार

धाकू सारंग कुठल्याही सफरीची तयारी तीन महिने आधी सुरू करायचा, आणि त्याच्या गावी, मांडवीत, त्याची थट्टा व्हायची ती याच गोष्टीवरून. लोक म्हणत, हा माणूस शिमग्यात गणपतीवर टांगायच्या माटवीचं सामान काढून ठेवील. धाकूला त्याचं काही वाटत नसे. तीस वर्षं तो आगबोटींवर होता. आधी खलाशी, मग तांडेल, आणि गेली नऊ वर्षं सारंग, म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम. घरी राहिलेली सुई भर समुद्रात मागून मिळत नाही, एवढं एकच शहाणपण आपण शिकलो, असं तो म्हणायचा.

एकोणीसशे तेहतीस सालचा शिमगा आटपला आणि मुंबईच्या ऑफिसातून पत्र आलं. ते त्याच्या मुलीने, विमलाने वाचून दाखवलं. विमला तेरा वर्षांची. मराठी सहावीत होती आणि घरात वाचणारी तीच. पत्रात लिहिलं होतं की एक मोठी उतारूंची बोट जुलैच्या मध्याला विलायतेहून निघेल आणि तीन आठवडे उत्तरेकडे फिरून येईल. आधी नॉर्वेचा किनारा, मग त्याच्याही वर, बर्फाच्या बेटांपर्यंत. धाकूने आपल्याकडचे सोळा खलाशी घेऊन मेच्या मध्यापर्यंत मुंबईस हजर व्हावं.

"तिथे कसला माल भरायचा?" धाकूची बायको मालन हिने विचारलं.

धाकू म्हणाला, माल काही नाही. साहेब लोक नुसते बघायला जातात.

"काय बघायला?"

"बर्फ."

मालनने यावर थोडा विचार केला. थंडी वाजावी म्हणून पदरचं भाडं भरून कोणी जातं, हे तिला पटायला वेळ लागला. पण सोळा खलाशी, हा आकडा मात्र तिला लगेच कळला. दोन वर्षं मुंबईच्या गोदीत बोटी रिकाम्या उभ्या होत्या. वाडीतले चांगले धडधाकट खलाशी घरी बसून जाळी विणत होते, नाहीतर कोणाच्या तरी बागेत आंबे राखत होते. सोळा माणसं म्हणजे सोळा चुली.

धाकूने पहिलं काम केलं ते रीतीप्रमाणे. देवळात जाऊन कौल लावला. वाडीच्या महादेवाचा गुरव बाळा याने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, बा देवा, तुझं लेकरू उत्तरेच्या सफरीला निघालंय, जायला हुकूम असेल तर उजवी दे. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी कळी पडली. इतक्या झटकन कौल मिळालेला बाळाने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. धाकू घरी आला आणि तयारीला लागला.

वाडीत त्या बाजूला जाऊन आलेला एकच माणूस होता, गंगाराम तांडेल. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका सारंगाबरोबर तो गेला होता. आता तो धाकूच्या हाताखाली तांडेल म्हणून येणार होता. धाकू रोज दुपारी त्याला ओटीवर बसवून घेई आणि एकेक गोष्ट विचारी. वारा कुठून येतो, दोर ओला झाला की काय होतं, हाताला काय बांधायचं, पायात काय घालायचं. गंगाराम बोलका माणूस. विडी ओढत तो सांगायचा आणि धाकू ऐकून डोक्यात बसवायचा.

दोर काठीसारखा ताठ होतो, गंगाराम म्हणाला. पितळेच्या कठड्याला उघडा हात लावायचा नाही, कातडी तिथेच राहते. आणि खोबरेल तेल नेऊ नका. गेल्या वेळी त्याने बायकोने दिलेली मोठी बाटली नेली होती. तिसऱ्या दिवशी उघडून बघतो तर आत मेणबत्ती. शेवटी बॉयलरवाल्यांच्या हातापाया पडून ती त्यांच्याकडे उबेला ठेवावी लागली, आणि त्यांनी सफर संपेपर्यंत अर्धी अंगाला चोळून संपवली. मग धाकूने तिळाचं तेल घ्यायचं ठरवलं. मालनने ते एका भांड्यात घालून रात्रभर विहिरीत सोडून बघितलं. विहीर काही बर्फाइतकी थंड नव्हती, पण बघितलं एवढं बरं वाटलं.

कपड्यांचं काम मालनने अंगावर घेतलं. घाटावरून येणाऱ्या धनगराकडून घोंगड्या घेतल्या. जुन्या लुगड्यांच्या दुहेरी बंड्या शिवल्या आणि त्यात सावरीचा कापूस भरला. सावरीचा कापूस हलका असतो आणि पाणी धरत नाही. मांडवीतल्या बायका उश्यांत तो भरत, पण माणसं अशी उशीसारखी भरलेली कोणी बघितली नव्हती. धाकूची धरून सतरा बंड्या पुऱ्या व्हायला चैत्र उजाडला.

हातांसाठी तिने जाड कापडाच्या पिशव्या शिवल्या. धाकूला त्या बघून नवी काळजी लागली. पिशवीत हात घालून गाठ मारता आली पाहिजे. म्हणून पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याने आपले सोळाही गडी संध्याकाळी मांडवीच्या वाळूत बसवले. भर उन्हाळा, अंगातून घामाच्या धारा, आणि हे सोळा बाप्ये हातात पिशव्या चढवून दोराला गाठी मारताहेत. मासे घेऊन जाणाऱ्या बायका थांबून हसायच्या. सखू नावाची एक म्हातारी रोज टोपली उतरवून बसायची आणि म्हणायची, अरे रामा, तुला उघड्या हातांनी लंगोटी बांधता येत नाही, तू पिशवीतून बोट कुठे बांधतोस? रामाची गाठ बरी बसू लागेपर्यंत म्हातारीने त्याला सोडलं नाही.

अशी सगळी तयारी चालली होती. सुंठ, कुळथाचं पीठ, सोलं, मेतकूट. धाकूच्या देवपूजेसाठी बेलाची पानं वर्तमानपत्रात दाबून ठेवली, कारण बेल कधी शिळा होत नाही. मग एका दुपारी धाकूने यादीत कंदील घातला.

"कंदील कशाला?" गंगाराम म्हणाला.

"असावा. बोटीतले दिवे गेले तर रात्री काय करशील?"

गंगारामने विडी झटकली. "तिथे रात नाय, सारंग."

धाकूला वाटलं, हा थट्टा करतोय. गंगारामला खोटं बोलायची सवय नव्हती, पण गोष्ट फुगवायची होती. तेव्हा गंगारामने देवाची शपथ घेतली. सूर्य खाली येतो, पाण्याजवळ येतो, टेकेल असं वाटतं, आणि मग तसाच आडवा आडवा सरकत जाऊन परत वर चढतो. साहेब लोक बारा वाजता डेकवर खुर्च्या टाकून ते बघत बसतात. त्यासाठीच तर जातात.

"मग हे तू मला महिनाभर सांगितलं नाहीस?"

"तुम्ही थंडीचं विचारत होतात," गंगाराम म्हणाला. "दिवसाचं कुठे विचारलंत?"

हे खरं होतं. धाकूने हातापायांचं, दोरांचं, तेलाचं, सगळं विचारलं होतं. संध्याकाळ होते का, हे विचारायचं त्याच्या मनातच आलं नव्हतं. ते कोणाच्या मनात येतं?

आता त्याचं संध्याकाळीवाचून काय एवढं अडलं होतं, ते सांगितलं पाहिजे. विमला दोन वर्षांची असताना तिला विषमज्वर झाला होता. एकवीस दिवस पोर शुद्धीवर नव्हती. धाकू तेव्हा रजेवर घरी होता. एकविसाव्या दिवशी त्याने आणि मालनने मिळून महादेवाला बोलून घेतलं की पोर उठली तर दोघं बारा वर्षं श्रावणातले सोमवार करू. दिवसभर निरंकार, पाण्याचा घोटही नाही, आणि सूर्य मावळल्यावर एकदा जेवण. पोर उठली. तेव्हापासून अकरा श्रावण झाले. धाकू चार वेळा घरी होता, सात वेळा समुद्रावर. एडनच्या पुढे, तांबड्या समुद्रात, जीभ टाळ्याला चिकटली तरी तो कठड्याशी उभा राहून सूर्याची शेवटची कड पाण्यात जाईपर्यंत वाट बघे आणि मगच पाणी पिई. एकही सोमवार मोडला नव्हता. हा बारावा श्रावण. दोघांनी कधी तोंडाने म्हटलं नव्हतं, पण दोघांच्याही मनात एकच होतं. बारा वर्षं पुरी होईपर्यंत पोर देवाची, मग आपली.

धाकू उठला आणि देवळात गेला. बाळा गुरवाने नवं पंचांग काढलं. श्रावण त्या साली लवकर येत होता, जुलैच्या तेवीस तारखेला. सोमवार पाच. ऑफिसच्या पत्रातल्या तारखा लावून बघितल्या तर त्यातले पहिले दोन नेमके बर्फाच्या बेटांकडचे निघाले.

"सूर्य मावळला नाही तर उपास सोडायचा कधी?" धाकूने विचारलं.

बाळाने पंचांग मिटलं. बर्फाबद्दल शास्त्रात काही असेल असं त्याला वाटत नव्हतं. असलं तरी त्याच्या शास्त्रात नव्हतं.

"मग मोडला म्हणायचा?"

"मोडला तर पहिल्यापासून," बाळा म्हणाला. तसं म्हणताना त्यालाही बरं वाटलं नाही.

धाकूने पुन्हा कौल लावायला सांगितलं. बाळा तयार होता, पण त्याने अडचण सांगितली. देव उजवी देतो नाहीतर डावी देतो, हो नाहीतर नाही. कधी जेवू, असं विचारून चालत नाही. जाऊ की नको, हे विचारून झालं होतं आणि देवाने चटकन जा म्हणून सांगितलं होतं. धाकू बराच वेळ सभामंडपात बसून प्रश्न कसा घालावा ते जुळवत राहिला. जुळेना. देवाने एका हाताने नवस धरला होता आणि दुसऱ्या हाताने बोटीवर ढकललं होतं. धाकू मध्ये उभा.

घरी आला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचली होती. विमला म्हणाली की गंगारामकाका खरंच सांगतात, हे आमच्या मास्तरांनी शाळेत पृथ्वीचा गोल घेऊन दाखवलंय. धाकूला ते बघायचं होतं. घरात गोल नव्हता. विमलाने सोललेला, शेंडी ठेवलेला नारळ आणला.

दुपार होती आणि कौलातल्या फटीतून उन्हाची एक तिरीप ओटीवर आडवी पडली होती. विमलाने नारळाच्या पोटावर चुन्याचा ठिपका लावला आणि ही आपली मांडवी, असं सांगितलं. मग नारळ उन्हात धरून ती तो हळूहळू फिरवू लागली. ठिपका उजेडात आला, की दिवस. फिरत सावलीत गेला, की रात्र. इथपर्यंत धाकूला कळलं.

"आता बघा हं, बाबा. पृथ्वी अशी सरळ उभी नसते. जरा कललेली असते." तिने नारळाची शेंडी उन्हाकडे झुकवली आणि पुन्हा फिरवायला लागली. "आता मांडवी बघू नका. शेंडी बघा."

ठिपका आधीसारखाच उजेडात येत होता, सावलीत जात होता. शेंडी मात्र कितीही फिरवली तरी उन्हातच राहिली.

"तुमची बोट इथे जाणार," विमला शेंडीवर बोट ठेवून म्हणाली. "आणि थंडीच्या दिवसांत शेंडी उलट्या बाजूला असते. तेव्हा तिथे सहा महिने सगळी रात्र."

धाकूने नारळ हातात घेतला, स्वतः फिरवून बघितला, दोनदा, तीनदा. प्रत्येक वेळी तेच झालं. गंगाराम फुगवून सांगत नव्हता. ज्या मुलीसाठी उपास धरले त्या मुलीनेच तो कुठे अडणार ते दाखवून दिलं होतं, आणि तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. उपास आहेत हे तिला ठाऊक होतं. कशासाठी, ते कोणी सांगितलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस वाडीत दुसरा विषय नव्हता. प्रत्येकाने आपापला तोडगा सांगितला. शेजारचा रघू म्हणाला, खिडकीला घोंगडी लावून अंधार करा आणि जेवा. धाकू म्हणाला, तसं तर मला भर दुपारी पण करता येईल. बाळा गुरव विचार करकरून सांगत आला की तिथल्या सूर्याला हात जोडा आणि मांडवीत सूर्य मावळेल तेव्हा सोडा. हे धाकूला आधी पटलं. मग त्याने घड्याळाचा हिशेब घातला. मांडवीत दिवेलागण होते तेव्हा तिकडे बोटीवर दुपारचे तीनही वाजलेले नसतात. देवाला बोललेल्या नवसाचा उपास दुपारच्या चहाच्या वेळी सोडायचा, यात त्याला सोयच जास्त दिसली, आणि सोयीच्या गोष्टीवर त्याचा विश्वास नव्हता. गंगारामचं म्हणणं सगळ्यांत सोपं होतं. एक कोंबडी न्यावी. कोंबडीला बरोबर कळतं. ती खुराड्यात शिरली की पान वाढून घ्यावं.

"आणि रात नाय म्हणून ती शिरलीच नाय तर?" कोणीतरी विचारलं.

"मग तीच शिजवावी," गंगाराम म्हणाला.

"सोमवारी?"

"मंगळवारी."

धाकूही हसला. पण त्याच दिवशी त्याने मनाशी ठरवून टाकलं की आपण जायचं नाही. गंगारामकडे सारंगाचा दाखला नव्हता. धाकू गेला नाही तर ऑफिस दुसऱ्या गावचा सारंग घेणार आणि तो आपल्या गावची माणसं नेणार, हे त्याला माहीत होतं. पिशव्या घालून वाळूत बसणारे सोळा गडी त्याला दिसत होते. तरी एका बाजूला ते सोळा आणि एका बाजूला विमला, असं तोललं की तराजू एकाच बाजूला जायचा. सकाळी मालन चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती, तेव्हा त्याने तिला हे सांगितलं.

मालनने हातातली भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं आणि मग विचारलं, "मी किती श्रावण केले?"

"अकरा."

"त्यात किती सोमवार आले?"

धाकूने मोजले नाहीत. चाळिसाच्या वरच.

"त्यातल्या एका तरी सोमवारी मी सूर्य बुडताना बघितलाय का, सांगा."

धाकूने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"तुम्ही समुद्रावर असता. तुम्हाला दिसतो," ती म्हणाली. "इथे श्रावणात सूर्य कोणाला दिसलाय? पाऊस लागला की आठ आठ दिवस वर काय चाललंय ते कळत नाय. दुपार कुठली आणि संध्याकाळ कुठली. बाळागुरव नगारा वाजवतो आणि आम्ही पान वाढून घेतो. तो काय बघून वाजवतो ते त्याचं त्याला ठाऊक. माझे अकरा वर्षांचे उपास फुकट गेले का?"

भाकरी फुगली. तिने ती काढून टोपलीत टाकली आणि दुसरा गोळा घेतला.

धाकूला आपले चार घरचे श्रावण आठवले. खरंच, त्या चारांत त्यानेही सूर्य बघितला नव्हता. ओटीवर बसून कान नगाऱ्याकडे लावायचे, एवढंच केलं होतं. आणि तेव्हा मनात शंकाही आली नव्हती. उपास करणाऱ्याने आभाळाकडे बघायचं नसतं. दुसऱ्याने हाक दिली की जेवायचं असतं. आपण बोटीवर इतकी वर्षं स्वतःच बघत आलो, स्वतःच ठरवत आलो. म्हणून ही गोष्ट आपल्याला सूर्याची वाटली.

"पण तिथे नगारा कोण वाजवणार?" त्याने विचारलं.

"तुमच्या बोटीवर काय वाजतच नाय?"

वाजत होतं. दर अर्ध्या तासाने घंटा वाजत होती, तीस वर्षं तो तिच्यावरच उठत होता आणि निजत होता. चार तासांची पाळी पुरी झाली की आठ टोले. ती घंटा त्याच्या हुकमाने वाजत नसे. ती कप्तानाच्या घड्याळाने वाजे. तिथे धाकू सारंगाचं काही चालत नव्हतं, आणि नेमकं तेच बरं होतं. संध्याकाळी आठ वाजता आठ टोले पडतात आणि रात्रीची पाळी चढते. बाहेर ऊन असो की नसो, बोट त्याला रात्र म्हणते. सहालाही टोले होते, पण सहा धाकूने घेतले नाहीत. मांडवीत दिवेलागण साडेसातच्या आत होते, तेव्हा आठ म्हटलं की लवकर जेवला असं देवालाही म्हणता येणार नाही.

त्याने जाऊन बाळाला सांगितलं. बाळाने प्रश्न असा घातला की उत्तर हो-नाहीत येईल, आणि कौल लावला. या वेळी कळी पडायला बराच वेळ लागला. दोघं बसून राहिले. पडली ती उजवीच. वाऱ्याने पडली असं रघू नंतर म्हणाला, पण रघू तिथे नव्हता.

वैशाखात, किनाऱ्यावरच्या बोटी पावसाळ्यासाठी बंद व्हायच्या आधी, सतरा ट्रंका आणि सतरा वळकट्या मांडवीच्या बंदरावर आल्या. पडावांतून माणसं आगबोटीकडे निघाली. सखू म्हातारीने रामाला ओरडून सांगितलं की पिशवी विसरू नको. कंदील यादीतून काढला होता.

पहिल्या सोमवारी बोट उंच काळ्या डोंगरांच्या मधून चालली होती. डोंगरांच्या माथ्यावर बर्फ होतं आणि ते खाली पाण्यात उलटं दिसत होतं. कुठे झाड नाही, घर नाही, धूर नाही. साहेब लोक कठड्याशी दाटीने उभे राहून बघत होते आणि हळू आवाजात बोलत होते, देवळात बोलतात तसे. पितळेच्या कठड्याला कोणाचा उघडा हात लागला नाही. रामाच्या गाठी चांगल्या बसल्या. संध्याकाळी आठ वाजता ऊन आपल्याकडच्या चार वाजल्यासारखं पडलं होतं, तेव्हा आठ टोले पडले. धाकू खाली गेला, बेलाचं पान पाण्यात बुडवून देवाच्या तसबिरीला वाहिलं, आणि वरणभात जेवला. जेवताना चोरून खाल्ल्यासारखं वाटलं. गोल खिडकीतून ऊन थेट ताटात येत होतं.

दुसऱ्या सोमवारीही ते बेटांजवळच होते आणि सकाळपासून धुकं पडलं होतं. इतकं दाट, की पुढच्या डोलकाठीवरचा माणूस मागून दिसत नव्हता. बोट भोंगा वाजवत, अदमास घेत पुढे सरकत होती. साहेब लोक कंटाळून आत जाऊन बसले, कारण बघण्यासारखं काही नव्हतं. धाकू मात्र दिवसभर वर होता. ऊन नाही, सावली नाही, दुपार कुठली आणि संध्याकाळ कुठली ते कळत नाही. अंगावरची बंडी ओली, पण आतला कापूस कोरडा. मालन म्हणाली होती तो हाच श्रावण, फक्त थंड. तो आभाळाकडे बघायचं विसरून गेला. आठ टोले पडले तेव्हा तो दोर गुंडाळत होता. दोर जागेवर ठेवला आणि जेवायला गेला.

उरलेले तीन सोमवार साध्या, रात्र असलेल्या समुद्रावर झाले.

धाकू घरी आला तो पुढच्या माघात. एका सोमवारी उद्यापन ठेवलं. बाळा गुरव आला, गंगाराम आला, वाडीतली आणखी चार माणसं आली. पानं मांडली, आणि वाढप होईपर्यंत धाकूने त्या दोन सोमवारांची हकिकत सांगितली, विशेषतः धुक्याची. मालन भाताचं पातेलं घेऊन उभी राहून ऐकत होती. मग धाकूने विचारलं की इकडे त्या दोन सोमवारी कसं काय झालं.

पहिल्याला ठीक झालं, मालन म्हणाली. दुसऱ्याला बाळागुरव तापाने पडले होते. नगारा वाजलाच नाय.

बाळाने मान खाली घातली. ते त्याच्या जिवाला लागून राहिलं होतं.

"मग तू जेवलीस कशी?" धाकू म्हणाला.

"हिने देवळात जाऊन घंटा वाजवली."

धाकूने विमलाकडे बघितलं. ती केळीची पानं पुसत होती. त्या वर्षात ती आईच्या खांद्याला लागली होती.

"काय बघून वाजवलीस गो?"

"कोंबड्या खुराड्यात शिरल्या ते बघून," विमला म्हणाली.

गंगाराम पानावरून मान वर करून म्हणाला की तो हेच सांगत होता, पण त्याचं ऐकतो कोण.

"त्या दिवशी कोंबड्या चारलाच शिरल्या होत्या," मालनने सांगितलं. "पाऊसच तसला होता. मला मागाहून कळलं."

सगळे धाकूकडे बघू लागले. तीन महिने आधी सुईदोरा काढून ठेवणारा माणूस, आठाच्या आत घास न घेणारा. त्याने हिशेबाला बोटं उचलली, अंगठा पहिल्या पेरावर ठेवला, आणि तिथेच थांबला.

"तू वर बघितलं होतंस का?" त्याने मालनला विचारलं.

"मी कशाला बघू? मी देवापुढे बसले होते."

"घंटा वाजली ना?"

"वाजली."

"मग झालं," धाकू म्हणाला. त्याने पातेलं मालनच्या हातातून घेतलं, विमलाला पानं पुसायची थांबवून पहिल्या पानावर बसवलं, आणि भाताची पहिली मूद तिला वाढली.